मूकपटाची नायिका, पेढीची भागीदार

दिव्याहून शीळकडे जाणाऱ्या रस्त्याला भंगाराची गोदामे लागतात. प्लास्टिक, पत्रा, पुठ्ठा, जुन्या यंत्रांचे सुटे भाग असा माल तिथे निवडून वेगवेगळा ठेवलेला असतो. या धंद्यात मुरलेल्या आपल्या बांधवांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. दवाखान्यातून निघालेली एक्स-रेची जुनी फिल्म ते प्लास्टिकच्या भावात देत नाहीत, कारण तिच्यावर चांदीचा थर असतो. ती चांदी उतरवणारे कारागीर वेगळे आणि तिचा भावही वेगळा.

सिनेमाची जुनी काळी-पांढरी फिल्मही याच जातीची. आपल्या देशात १९१३ पासून १९३४ पर्यंत सुमारे १,३०० मूकपट तयार झाले असे मानले जाते. त्यातले शेकड्याला दोन-तीन उरले असतील तर पुष्कळ. काही ओल लागून चिकटले. काही जळाले, कारण त्या काळची नायट्रेटची फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागून फार मोठा ठेवा गेला. आणि बराचसा माल गेला तो भंगाराच्या वाटेने. पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची रिळे चांदी काढून घेऊन निकालात काढली गेली, असे निर्मात्याच्या घरच्यांकडूनच आपल्याला समजल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत असत.

अशा रिळांवर जिचा चेहरा एकेकाळी देशभर फिरला आणि जी त्या रिळांच्या कारखान्याची भागीदारही झाली, अशा एका बोहरा मुलीची हकीकत आज या पानावर देत आहोत. सिनेमाचा धंदा करावा की करू नये, हा या पानाचा विषय नाही. त्यासाठी उलेमा आहेत आणि आपापला विवेक आहे. आम्ही इथे पाहणार आहोत ती हिशेबाची बाजू.

कारभार बसलेल्या घरातली मुलगी

गोहर कयूम मामाजीवाला यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१० रोजी लाहोरमध्ये एका दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. (ग्रामोफोनवर गाणाऱ्या कलकत्त्याच्या गौहर जान या वेगळ्या. त्यांची पहिली तबकडी १९०२ सालची आणि त्यांचा इंतकाल १९३० मध्ये झाला. दोघींच्या नावांची गल्लत अजूनही होते, म्हणून सांगितले.) वडिलांचा व्यापार होता, पण तो खालावत गेला आणि घर अडचणीत आले. व्यापारी घरात असा प्रसंग आला की पुढे काय होते हे आपल्या वाचकांना माहीत आहे. आधी माल उधारीवर मिळेनासा होतो, मग ओळखीचे लोक रस्ता बदलतात, मग घरातल्या चिजा बाजारात जातात.

या घराचा एक स्नेही मात्र वेगळी सूचना घेऊन आला. होमी मास्टर हे पारशी गृहस्थ मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीत दिग्दर्शक होते. मुलीला सिनेमात काम करू द्या, असे त्यांनी सुचवले. आईवडिलांनी होकार दिला. १९२६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, गोहर यांचा पहिला मूकपट ‘बाप कमाई’ तयार झाला. दिग्दर्शक कांजीभाई राठोड, नायक खलील.

होकार देणे सोपे नव्हते, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीचे काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने, जो एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता, लुगडे नेसून ते काम केले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या, पण हा अपवादच. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ज्या स्त्रिया आल्या त्यांत अँग्लो-इंडियन, यहुदी आणि मुसलमान अधिक होत्या. बहुतेकींच्या मागे रंगभूमी होती किंवा नोकरीची गरज. बोहरा व्यापाऱ्याच्या घरातली, रंगभूमीशी काही संबंध नसलेली मुलगी, हे नवेच होते.

मूकपटाची एक सोय अशी की भाषेची अडचण नसे. नायिका कुठल्याही प्रांतातली चाले, कारण बोलायचेच नव्हते. मजकुराच्या पाट्या मधूनमधून येत. त्या गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा तीन-चार लिप्यांत हाताने लिहून त्यांची छायाचित्रे घेतलेली असत. नवसाक्षर प्रेक्षक त्या मोठ्याने वाचत आणि शेजारच्या निरक्षराला समजावून देत. पडद्याखाली पेटी-तबला वाजे. उर्दूच्या पाटीसाठी चांगला खुशनवीस लागे. छपाईच्या धंद्यातल्या आपल्या कातिबांना एक नवे गिऱ्हाईक मिळाले होते, याचा उल्लेख सिनेमाच्या इतिहासात क्वचितच होतो.

सतरा दिवसांचा माल

कोहिनूरमध्ये गोहर यांची गाठ चंदुलाल शहा यांच्याशी पडली. शहा मूळ जामनगरचे, जन्म १८९८. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात वाणिज्य शिकलेले आणि शेअर बाजारात काम करणारे. त्यांचे बंधू दयाराम हे पौराणिक चित्रपटांच्या कथा लिहीत आणि चंदुलाल त्यांना हातभार लावीत. १९२५ मध्ये लक्ष्मी फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मणिलाल जोशी आजारी पडले. अडलेले चित्र पुरे करायला शहांना बोलावण्यात आले. तीन चित्रे करून ते पुन्हा शेअर बाजारात परतले. मग एका मित्राने त्यांना कोहिनूरमध्ये आणले. शेअर बाजारातून दोनदा सिनेमात आलेला हा माणूस होता, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९२६ मध्ये शहांनी ‘टायपिस्ट गर्ल’ काढला. त्यात सुलोचना आणि गोहर या दोघी होत्या. चित्र सतरा दिवसांत तयार झाले आणि गल्ला चांगला झाला. कारखानदारीच्या नजरेने या सतरा दिवसांकडे पाहिले पाहिजे. त्या वेळी बाजारात चलती होती ती पौराणिक आणि जादूच्या चित्रांची. त्यांना राजवाड्याचे देखावे, मुकुट, जरीचे अंगरखे, लाकूड आणि प्लास्टरची मोठी कामे लागत. सुतार, रंगारी, शिंपी महिनोन्‌महिने गुंतत. शहांनी शहरातल्या साध्या घराची, कचेरीची, नवरा-बायकोची गोष्ट घेतली. साडी रोजच्या वापरातली, खुर्ची-टेबल बाजारातले. शूटिंग दिवसाच्या उजेडात, वर पांढरे कापड ताणून. उन्हाचे बिल येत नाही. भांडवल तीन आठवड्यांत मोकळे होऊन पुन्हा फिरायला लागले. कापडाच्या धंद्यात ज्याला आपण माल फिरवणे म्हणतो, तेच.

त्यानंतर १९२७ मध्ये ‘गुणसुंदरी’ आला. त्यात गोहर नायिका आणि राजा सँडो नायक. घरकामात बुडालेली सुशील बायको, कामावरून थकून आलेला नवरा तिच्या घरगुती तक्रारींना कंटाळून बाहेर रमू लागतो, आणि मग ती बायको उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून त्याची बरोबरीची सोबतीण व्हायचे ठरवते. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या वेळी शहरातल्या मध्यमवर्गाने ती उचलून धरली आणि बायकाही थिएटरात येऊ लागल्या. गोहर यांचा चेहरा घरातल्या माणसासारखा होता, हेच त्यांचे भांडवल. ‘गुणसुंदरी’ हे नाव इतके चालले की १९३४ मध्ये शहांनी त्याच नावाने बोलपट काढला आणि १९४८ मध्ये रतिलाल पुनातर यांनी पुन्हा एकदा गुजरातीत. चालणाऱ्या मालाचे नाव बदलायचे नाही, हा जुना नियम.

फातमा बेगम यांची कंपनी

इथे थोडे थांबून दुसऱ्या एका मुसलमान बाईंचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यांची वाट पाहिल्याशिवाय गोहर यांची वाट समजत नाही. फातमा बेगम यांचा जन्म १८९२ चा. उर्दू रंगभूमीवर तयार झालेल्या. १९२२ च्या ‘वीर अभिमन्यू’मधून त्या पडद्यावर आल्या, म्हणजे वयाच्या तिशीत. सुलताना, झुबेदा आणि शहजादी या तिन्ही मुली पुढे सिनेमातच गेल्या. झुबेदा म्हणजे १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या ‘आलम आरा’ची नायिका.

फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. नाव फातमा फिल्म्स. पुढे १९२८ मध्ये व्हिक्टोरिया-फातमा असे नाव झाले. पहिले चित्र ‘बुलबुल-ए-परिस्तान’, दिग्दर्शन त्यांचे स्वतःचे. आपल्या देशात बाईने दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. परीकथा होती, तिच्यात कॅमेऱ्याच्या करामती पुष्कळ होत्या आणि खर्चही मोठा होता. आज त्याचे एकही रीळ उपलब्ध नाही. १९२८ मध्ये ‘हीर रांझा’ आणि ‘चंद्रावली’, १९२९ मध्ये ‘शकुंतला’, ‘मिलन दिनार’, ‘कनकतारा’ आणि ‘भाग्यलक्ष्मी’. इथे दिग्दर्शक म्हणून त्यांची यादी संपते. कंपनी चालवताना त्या कोहिनूर आणि इंपीरियलच्या चित्रांत नोकरीचे कामही करीत होत्या. मालकीण आपल्या दुकानात आणि चाकरी शेजारच्या दुकानात, असा हा प्रकार. ज्याने एकट्याने कारखाना उभा केला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. स्वतःच्या पेढीचा खर्च भागवायला परक्याची मजुरी करावी लागते, असे दिवस अनेकांनी काढले आहेत.

फातमा बेगम १९३८ पर्यंत अभिनय करीत राहिल्या. त्यांचा इंतकाल १९८३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी झाला.

दुसरीकडे ‘टायपिस्ट गर्ल’मधल्या सुलोचना यांचे पाहा. मूळ नाव रूबी मायर्स, पुण्याच्या यहुदी कुटुंबातल्या, आधी टेलिफोन कंपनीत नोकरी. पुढे इंपीरियल कंपनीत त्यांना महिना पाच हजार रुपये मिळत आणि ते मुंबईच्या गव्हर्नरांपेक्षा जास्त होते, अशी त्या काळी ख्याती होती. पगार केवढाही मोठा असला तरी तो पगारच. बोलपट आला, हिंदुस्थानी कच्ची निघाली आणि त्यांना वर्षभर घरी बसून भाषा शिकावी लागली. त्या परत आल्या, काही वर्षे चांगली गेली, मग मागणी ओसरली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, पण १९८३ मध्ये निधन झाले तेव्हा वैभव मागे पडून फार दिवस झाले होते.

गोहर यांनी या दोन्हींपेक्षा वेगळी वाट धरली. त्यांनी भागीदारी केली.

रणजितची उभारणी

१९२८ मध्ये शहा आणि गोहर कोहिनूरमधून बाहेर पडले आणि जगदीश फिल्म कंपनीसाठी ‘विश्वमोहिनी’, ‘गृहलक्ष्मी’ अशी चार चित्रे केली. १९२९ मध्ये दादरला रणजित फिल्म कंपनी स्थापन झाली. पैसा विठ्ठलदास ठाकोरदास यांचा, डोके शहांचे आणि चेहरा गोहर यांचा. जामनगरच्या जामसाहेब रणजितसिंहजींच्या नावावरून कंपनीला नाव दिले असे सांगतात.

आजच्या पिढीला त्या जागेची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की दिव्याहून धीमी लोकल धरून दादरला उतरावे आणि पूर्वेला यावे. दादासाहेब फाळके यांच्या नावाचा रस्ता तिथेच आहे. रणजित, श्री साउंड, रूपतारा हे स्टुडिओ याच रस्त्यावर उभे राहिले. एका काळी या रस्त्यावर सकाळी हजेरीची घंटा गिरणीसारखी महत्त्वाची होती.

गिरणी हा शब्द मुद्दाम वापरला. १९२९ ते १९३२ या काळात रणजितने ३९ मूकपट काढले. म्हणजे वर्षाला दहाच्या आसपास. एवढा माल काढायचा तर कारागिराला रोजंदारीवर बोलावून भागत नाही. म्हणून सुतार, रंगारी, शिंपी, केशभूषा करणारे, रसायनशाळेत फिल्म धुणारे, कॅमेरावाले, लेखक आणि नट-नट्या, सगळे महिन्याच्या पगारावर. ऐन भरात रणजितच्या पगारपत्रकावर सुमारे ३०० माणसे होती. चित्र चालो न चालो, पगार ठरलेला. एक चित्र पडले तर पुढच्या दोनांत भरून निघे, कारण देखावे तेच, कपडे तेच, माणसे तीच. पौराणिक चित्राचा महाल थोडा रंग बदलून पुढच्या महिन्यात ऐतिहासिक चित्राचा महाल होई. आमच्या मते या कंपनीची खरी ताकद ही होती. नट-नट्यांच्या नावांची जाहिरात नंतरची. ती जाहिरातही कंपनीने जोरात केली. आकाशात नाहीत इतके तारे रणजितमध्ये आहेत, अशी तिची घोषणा होती.

बोलपट आला तेव्हा अनेक कंपन्यांची घडी विस्कटली. उन्हात, उघड्या चौकात चालणारे काम बंद खोलीत गेले. भिंतींना आवाज अडवणारे अस्तर लागले, विजेचे दिवे लागले, परदेशी यंत्रे लागली. रस्त्यावरून ट्रॅम गेली तरी काम थांबू लागले. छोट्या भांडवलाच्या मूकपट कंपन्या या खर्चात बसल्या. रणजितने मात्र १९३१ मध्येच ‘देवी देवयानी’ हा बोलपट काढला आणि त्यात नायिका गोहरच होत्या. सुलोचनांना जी भीती होती ती गोहर यांना तेवढी नव्हती. एक तर त्यांची जबान बरी होती आणि दुसरे म्हणजे कारखान्यात त्यांचा हिस्सा होता. पडद्यावर त्यांना कुणी घेवो न घेवो, पडद्यामागचा नफा चालू राहणार होता.

१९३० च्या दशकात ‘मिस १९३३’, ‘तूफानी तरुणी’, ‘बॅरिस्टर्स वाइफ’, ‘प्रभु का प्यारा’ अशी त्यांची चित्रे येत गेली. १९४० मध्ये ‘अछूत’ आला. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरच्या या चित्रात नायक मोतीलाल होते. त्यानंतर गोहर पडद्यावरून बाजूला झाल्या. वय तिशीचे. ज्या वयात फातमा बेगम पडद्यावर आल्या, त्या वयात गोहर यांनी अभिनय सोडला आणि स्टुडिओपुरते राहिल्या.

शहा आणि गोहर यांच्या खासगी नात्याविषयी सिनेमाच्या मासिकांनी पुष्कळ लिहिले आहे. या पानाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

कापसाचा सट्टा

लढाईच्या काळात सिनेमाच्या धंद्यात पैसा खेळत होता. परदेशातून येणारी कच्ची फिल्म कमी झाली आणि सरकारने तिच्यावर परवाना लावून चित्राची लांबी ११,००० फुटांवर आणली. ज्याच्याकडे परवाना, त्याच्याकडे धंदा. रणजितकडे परवाना होता आणि कुंदनलाल सैगलही होते. १९४२ मध्ये ‘भक्त सूरदास’ आणि १९४३ मध्ये ‘तानसेन’, दोन्ही गाजले. तानसेनची नायिका खुर्शीद.

आणि १९४४ मध्ये, म्हणजे तानसेनच्या दुसऱ्याच वर्षी, चंदुलाल शहा कापसाच्या सट्ट्यात सव्वा कोटी रुपये हरले.

सव्वा कोटी हा आकडा आजच्या हिशेबाने पाहू नये. त्या वेळी सोन्याचा तोळा शंभर रुपयांच्या आत मिळत होता. म्हणजे सव्वा लाख तोळ्यांहून जास्त सोने एका तेजी-मंदीत गेले. शहांना घोड्यांच्या शर्यतीचाही नाद होता. शेअर बाजारातून आलेला हा माणूस सिनेमात वीस वर्षे राहिला, पण बाजार त्याच्यातून गेला नाही.

लोक या प्रसंगाची गोष्ट सांगतात ती राजाचा रंक झाल्याची. पेढी चालवणाऱ्याने ती दुसऱ्या टोकाने पाहावी. स्टुडिओतला माल खपत होता. कारागीर कामावर येत होते. चित्रे पडली म्हणून हे नुकसान झालेले नव्हते. नुकसान ज्या धंद्यात झाले त्या धंद्याशी सुताराचा, शिंप्याचा किंवा गोहर यांचा काही संबंध नव्हता. एका भागीदाराचा खिसा आणि पेढीची तिजोरी यांच्यामधली भिंत पातळ होती आणि ती त्या वर्षी कोसळली.

आपल्या शरीयतमध्ये मैसिर हराम आहे आणि हाती नसलेला माल विकण्यालाही मनाई आहे, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. कापसाच्या सट्ट्यात नेमके तेच होते. गाठीही कुणी पाहत नाही आणि गोदामही. फक्त भावातला फरक देवघेव होतो. पण आमचा अनुभव असा की आपल्याच बाजारात, मोंढ्यात आणि भंगाराच्या तांबे-पितळेच्या व्यवहारातही, हे फरकाचे सौदे चोरून चालतात आणि करणारा त्याला व्यापारच म्हणतो. शिवाय तो सौदा करतो तेव्हा शेजारी बसलेल्या भागीदाराला विचारत नाही.

शिरकतच्या नियमात नफा ठरावाप्रमाणे आणि नुकसान भांडवलाच्या प्रमाणात वाटून घ्यायचे असते. पण ते शिरकतच्या धंद्यातले नुकसान. देशाच्या कायद्यातही साधारण हाच फरक आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार आपल्या घरादारासह जबाबदार असतो, मग हिस्सा दोन आण्यांचा का असेना. एखाद्याचे खासगी कर्ज पेढीवर येत नाही, परंतु त्याचा सावकार न्यायालयातून त्याच्या पेढीतल्या हिश्श्यावर हात ठेवू शकतो, आणि हिश्श्यावर हात पडला की चालता धंदा अडतो. २००८ मध्ये मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा नवा कायदा आला. त्यात घरादाराला संरक्षण आहे. तरीही आपल्याकडचे बहुतेक व्यवहार अजून जुन्या पद्धतीच्या दस्तावर, आणि पुष्कळसे तर नुसत्या जबानीवर चालतात. मामू-भाच्याची भागीदारी असली की कागद करायला लाज वाटते. दस्तात एक कलम घालायला खर्च येत नाही: कोणत्याही भागीदाराने वायदे-सट्ट्याचा सौदा करू नये, आणि केल्यास त्याच दिवशी त्याची भागीदारी संपली असे समजावे.

तीनशे घरे

१९४४ नंतर रणजित लगेच बंद पडले नाही. चित्रे येत राहिली. शहांचा मानही टिकून होता. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९५३ मध्ये राज कपूर आणि नर्गिस यांना घेऊन त्यांनी ‘पापी’ काढला. पण आता धंद्याचे वारे फिरले होते. लढाईतल्या काळ्या पैशावर रातोरात निर्माते झालेल्यांनी नट-नट्यांना एकेका चित्राचे ठोक पैसे देऊ केले. महिन्याच्या पगारावर कोण थांबेल? तारे निघून गेले. मागे राहिले ते सुतार, रंगारी आणि शिंपी, ज्यांना ठोक पैसे देऊन कुणी पळवून नेत नव्हते. अशा वाऱ्यात तग धरायला गंगाजळी लागते, आणि गंगाजळी तर कापसात गेलेली होती. ‘ऊट पटांग’ १९५५ चा, ‘जमीन के तारे’ १९६० चा. पुढे रणजितचा चित्रनिर्मितीचा कारभार आटोपला.

स्टुडिओची व्यवस्था मोडली तेव्हा हे कारागीर कंत्राटी झाले. आज मुंब्रा, कौसा, दिव्याच्या बाजूने रोज सकाळी गोरेगाव-अंधेरीकडे देखाव्यांच्या आणि पोशाखांच्या कामाला जाणारे आपले सुतार, फर्निचरवाले, जरीवाले दिवसाच्या मजुरीवर जातात. काम असेल तर पैसे, नसेल तर घरी. रणजितच्या पगारपत्रकावरचा शिंपी आणि आजचा जरीवाला यांच्यात हुनराचा फरक नाही. एकाला महिनाअखेर ठाऊक होती, दुसऱ्याला उद्याचा दिवसही ठाऊक नसतो. १९८१ मध्ये केंद्र सरकारने सिनेमा कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा केला. त्याचा लाभ घ्यायला नोंदणी आणि ओळखपत्र लागे. कंत्राटदाराच्या वहीत नुसते पहिले नाव लिहून काम करणाऱ्याकडे ते नसे.

चंदुलाल शहा यांचे निधन २५ नोव्हेंबर १९७५ रोजी झाले. मोटारींच्या मालकाला शेवटच्या वर्षांत बसने हिंडताना लोकांनी पाहिले होते. गोहर तोपर्यंत त्यांच्या सोबतच होत्या. वैभवात भागीदारी आणि पडत्या काळात काडीमोड, असे त्यांनी केले नाही. त्यांचा इंतकाल दहा वर्षांनी, २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईत झाला. ज्या घराचा कारभार बसला म्हणून सोळाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ही मुलगी, तिने आयुष्यात दुसऱ्यांदा बसलेला कारभार पाहिला. आणि दोन्ही वेळा तो बसवणारा हात तिचा नव्हता.